खोल्या वाढल्या, टाकी तेवढीच

दापोलीकडच्या आमच्या घरावर दादाने दोन खोल्या चढवल्या. पर्यटकांना द्यायच्या म्हणून दोन्हींना स्वतंत्र संडास-बाथरूम. टाइल्स कुठल्या, रेलिंग कसलं, यावर घरात महिनाभर भांडणं झाली. आहे त्या सेप्टिक टँकमध्ये हे सगळं मावेल का, हे मात्र कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मे महिना निभावला. जुलैत चेंबर तुंबलं आणि खालच्या संडासात पाणी वर आलं. टाकी उघडायला गेलो तर झाकण सापडेना! नवीन पेव्हर ब्लॉकच्या खाली गेलं होतं. अर्धं अंगण उखडल्यावर सापडलं.

गवंडी म्हणाला, "दोन माणसं उतरवतो, तासाभरात साफ." मी नको म्हटलं. आत साचलेल्या वायूने माणूस एका दमात खाली कोसळतो, आणि हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय तसं उतरवणं गुन्हा आहे. उपसायची गाडी मागवली. ती पायऱ्यांच्या पाखाडीवरून खाली येणार कशी? मग रस्त्यावरूनच पाइपला पाइप जोडत आणला.

टाकी रिकामी झाल्यावर खरी गंमत कळली. टाकीला तळच नव्हता. तीस वर्षं आम्ही जिला सेप्टिक टँक म्हणत होतो, तो चिऱ्यांनी बांधलेला नुसता खड्डा होता. आपल्याकडे अशा 'टाक्या' किती असतील! "आमची कधी भरतच नाही," असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी एकदा तळ बघावा. भरत नाही म्हणजे ते पाणी कुठेतरी जातंय. जांभ्यातून पाणी कसं पाझरतं हे कोकणात कोणाला सांगायला नको.

मुळात टाकी पाणी शुद्ध करत नाही. गाळ खाली बसवते, थोडा कुजवते, एवढंच. माणसं वाढली की पाणी आत पुरेसं थांबत नाही, गाळ पुढे शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात जातो आणि तो खड्डा बुजतो. भारतीय मानकात, म्हणजे आयएस २४७० मध्ये, वर्षाला उपसणार असाल तर ५ माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली सांगितली आहे. २० माणसांना जवळपास तिप्पट टाकी लागते. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट लांब हवा. आमचा खड्डा आमच्या विहिरीपासून पंचवीस फुटांवर होता. शेजारच्या काकूंची विहीर तर उताराच्या बाजूला. त्यांना सांगायला गेलो तेव्हा मान वर होत नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "तरीच यंदा वास येत होता."

आता तळाला काँक्रीट घातलेली दोन कप्प्यांची टाकी झाली. शोषखड्डा दोन्ही विहिरींपासून दूर नेला. त्यासाठी एक माड गेला, आई अजून बोलते. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी टाकीत न सोडता पूर्वीसारखं केळींना लावलं. ते वेगळं केल्यानेच टाकीवरचा भार बराच उतरला. संडासात ॲसिड ओतणं बंद, कारण त्याने टाकीतले गाळ कुजवणारे जंतूच मरतात. एवढं सगळं करून खर्च रेलिंगपेक्षा कमीच झाला, हे दादाला मी मुद्दाम दोनदा सांगितलं.

अंगणात ते झाकण आता उघडं दिसतं. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून दादाला त्यावर तुळशीवृंदावन बांधायचं होतं. शेवटी एका कुंडीवर तडजोड झाली. एकट्या माणसाला उचलता येईल एवढीच.