विमान आडवं करून चालत नाही

चेतकचं पेट्रोल संपलं की गाडी आडवी करायची, परत उभी करायची आणि किक मारायची. पंप येईपर्यंत चालते. माझ्या वयाच्या पुणेकराला हे शिकवावं लागत नाही. रिझर्व्हला लागल्यावरही 'स्वारगेटपर्यंत जाईल रे' म्हणणारे आपण.

परवा ग्रुपवर शेतात उतरलेल्या छोट्या विमानाचा व्हिडिओ आला. इंधन संपलं होतं म्हणे. खाली 'पायलटला सलाम'ची रांग. मी विचारलं, सलाम कशाबद्दल? झालं, माझ्यावरच तुटून पडले सगळे.

इंजिनच मोडलं आणि पोरानं विमान उसात न घालता मोकळ्या रानात टेकवलं, तर माझाही सलाम. पण टाकी कोरडी पडणं ही बहुतेक वेळा चुकलेली वजाबाकी असते. शिकाऊ पायलटांचं छोटं विमान सेसना १५२ घ्या. नेहमीच्या टाक्यांत साधारण ९८ लिटर मावतं, त्यातलं ९३च्या आसपास वापरता येतं. तासाला वीस-बावीस लिटर जातं. तळातलं पाच-सहा लिटर हिशोबात धरायचंच नाही. आणि इथे चेतकची युक्ती उलटी पडते: इंधन कमी असताना विमान एका अंगावर घसरवलं तर उरलंसुरलं पेट्रोल नळीच्या तोंडापासून दूर जातं. काट्यावरही विसंबू नये, म्हणून तर निघण्याआधी टाकीत पट्टी बुडवून बघतात. आळस नडतो तो तिथेच. दिवसा अर्ध्या तासाचं इंधन राखून ठेवायचा नियम आहे, पण समोरून वारा लागला की लोक त्या राखीव साठ्यातच हात घालतात.

दुसरा प्रकार तर डब्यात पोळी असून उपाशी राहण्याचा. काही विमानांत टाकी हाताने बदलावी लागते: एक टाकी रिकामी, दुसरीत भरपूर, आणि खटका फिरवायचा राहून गेला.

कॉलेजात असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला थोडे दिवस जायचो. ग्लायडरला इंजिनच नाही, त्यामुळे प्रत्येक उतरणं एकाच संधीचं. वर गेल्यापासून डोळे खालच्या जमिनीवर. १९८३ साली कॅनडात बोईंग ७६७चं इंधन वाटेतच संपलं, कारण किलो आणि पौंडाचा घोळ झाला होता. कॅप्टन पिअरसन ग्लायडर उडवणारे होते, म्हणून गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर सगळे जिवंत उतरले. त्यांचं कौशल्य अफाटच. पण इंजिन बंद पडलं की सेसनाला हजार फूट उंचीमागे तरंगत जायला जेमतेम अडीच-पावणेतीन किलोमीटर मिळतात आणि विजेच्या तारा वरून दिसत नाहीत. (टाकी रिकामी असल्यामुळे आग सहसा लागत नाही, एवढंच काय ते नशीब.)

भाचा सध्या विमान शिकतोय. मागच्या महिन्यात वारा जास्त वाटला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला. सोबतची पोरं दोन दिवस 'घाबरट' म्हणून चिडवत होती. त्या उतरण्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही.