ठिबक आणि सौरपंप लावले की प्रश्न मिटला?

एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय: "ठिबक बसवा, पाणी निम्म्यावर येतं. सौरपंप लावा, वीज फुकट. उत्पादन आपोआप वाढतं. अन्न, पाणी, ऊर्जा, तिन्ही प्रश्न एका फटक्यात सुटले." ठिबक आणि सौरपंप, दोन्ही मला हवेच आहेत. पण या हिशेबावर विसंबून अनुदानं वाटली, तर विहिरी आटतील आणि चूक कुठे झाली ते कळणारही नाही.

पाण्याचा दावा आधी घेऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे. मोकाट दिलेलं पाणी जातं कुठे? काही पिकाच्या पानांतून हवेत जातं, काही ओल्या मातीवरून उडतं, उरलेलं मुरतं. मुरलेलं पाणी पुष्कळदा भूजलात उतरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरीला लागतं. ठिबकमुळे मातीवरून उडणारं पाणी कमी होतं, ही खरी बचत. मुरणं थांबलं ती मात्र बचत नव्हे, ते खालच्या शेतकऱ्याचं पाणी होतं. (खाली खारं पाणी असेल तर गोष्ट वेगळी; तिथे मुरलेलं वायाच जातं.)

शिवाय 'वाचलेलं' पाणी विहिरीत पडून राहत नाही. त्यावर आणखी एखादा एकर भिजतो, नाहीतर जास्त पाण्याचं पीक उभं राहतं. यात शेतकऱ्याचा दोष नाही, त्याच्या जागी कुणीही हेच करील. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पाणी कमी उडावं म्हणून पिकाजवळ खाली लोंबणाऱ्या नोझलची सिंचनयंत्रं अनुदानावर आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथला भूजल उपसा घटण्याऐवजी वाढल्याचं दिसलं. म्हणून उपशाची मर्यादा आधी ठरली पाहिजे, ठिबकचं अनुदान त्यानंतर.

वीज फुकट? १,००० घनमीटर पाणी १०० मीटर खोलीवरून वर आणायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबानेच २७२ युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर ५४५ च्या घरात. बोअर खोल असेल आणि ठिबकमुळे उपसा खरोखर कमी झाला, तर वीज नक्की वाचते. पण जिथे पाणी पाटाने उतारावरून आपसूक येत होतं, तिथे ठिबक म्हणजे नवा खर्च. ड्रिपरला, म्हणजे ठिबकच्या थेंब सोडणाऱ्या तोटीला, साधारण एक बार, म्हणजे १० मीटर उंचीइतका दाब लागतो. फिल्टर आणि पाइपमधली घट त्यावर. पाणी वाळूतून गाळणाऱ्या सँड फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाबाचा गेज एकदा बघा. दोन काट्यांतलं अंतर वाढलं की बॅकवॉशची, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुण्याची, वेळ झाली. तोवर तेवढा दाब, म्हणजे तेवढी वीज, गाळातच जिरत असते.

सौरपंपाची काळजी मला जास्त वाटते. डिझेलचा पंप चालवताना प्रत्येक तास खिशाला लागतो, म्हणून तो वेळेवर बंद होतो. पॅनेल एकदा लागलं की ऊन आहे तोवर पंप बंद करायचं कारणच उरत नाही. यावर उपाय आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ पासून शेतकऱ्यांची सहकारी संस्था जादा सौरवीज वीज कंपनीला विकू लागली. पंप बंद ठेवण्याचे पैसे मिळू लागले की पाणी उपसायचं की वीज विकायची, याचा हिशेब शेतकरी स्वतःच करतो.

उत्पादनाचं थोडक्यात. ठिबकने वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती) टिकतो, मुळं गुदमरत नाहीत, पीक सुधारतं. दुप्पट होईलच असं नाही. खरा फायदा संदेशात आलाच नाही, तो खताच्या पोत्यात आहे. नत्रखत बहुतांशी नैसर्गिक वायूपासून, प्रचंड दाब आणि उष्णता वापरून बनतं. ठिबकमधून ते थोडं थोडं मुळाशी दिलं की कमी वाहून जातं, आणि वीजबिलात कधीच न दिसणारी ऊर्जा वाचते.

आणि प्रत्येक उपायाला यंत्र लागतंच असंही नाही. भातखाचर सतत भरून ठेवण्याऐवजी त्यात छिद्रं पाडलेली नळी पुरायची, आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटीमीटरवर गेलं की पुन्हा पाणी द्यायचं, फुलोऱ्यात मात्र खाचर कोरडं पडू द्यायचं नाही. मुरणाऱ्या पाण्याचा नियम इथेही लागू आहे. पण पंप कमी तास चालतो आणि खाचरातून निघणारा, हवामान तापवणारा मिथेन वायू घटतो, हे दोन्ही फायदे कुणाच्या विहिरीतून उचललेले नाहीत.