सोसायटीच्या भिंतीवरची वारली आणि तिचा चित्रकार

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या कुंपणभिंतीवर वारली चित्रे असावीत, याबद्दल सभासदांचे दुमत नाही; डहाणूकडच्या चित्रकाराला बोलवायचे की रंगाऱ्याकडून साच्याने तारपा नाच उमटवून घ्यायचा, एवढाच काय तो वाद आहे. वारली ही साऱ्या समाजाची कला, तिथे एकाचे नाव कशाला, हा साच्याच्या बाजूचा मुख्य मुद्दा. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये राहत असलो तरी माझे घर त्या सोसायटीतच असल्याने मीही या वादात आहे आणि हा मुद्दा मला साफ अमान्य आहे.

ड्युसेलडॉर्फमध्येच २००३ मध्ये ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या जोडीने वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे प्रदर्शन भरले होते. मशे डहाणू तालुक्यातले, म्हणजे २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्याचे. सवाशिणींनी लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चित्र, लिहावा, ही वारल्यांची रीत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी आणि टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी, ही तिची सामग्री. मशे यांनी ही कला लग्नघराबाहेर काढून कागदावर आणि शेणाने सारवलेल्या कापडावर आणली. त्यांनी रंगवलेले मासेमारीचे जाळे पाहावे: बारीक रेषांचे डोळे एकमेकांत गुंतत जवळजवळ सारे चित्र व्यापतात, आणि हाताने ओढलेल्या त्या रेषांमुळे जाळे पाण्यात हलते आहे असे वाटते. सामग्री आणि आकार समाजाचे खरे, पण ही रेषा मशे यांचीच, आणि ती साच्यात उतरत नाही.

इकडे जर्मनीत कलावंताची कदर होते, असे मात्र मी सरसकट म्हणणार नाही. इथे १९८३ पासून कलावंतांसाठी सामाजिक विमा आहे; अर्धा हप्ता कलावंत भरतो, उरलेला भार त्याचे काम वापरणारे व्यवसाय आणि सरकार उचलतात. कुंभाराला किंवा विणकराला मात्र त्यात शिरण्यासाठी कलाक्षेत्र आपल्याला कलावंत मानते, हे सिद्ध करावे लागते. हातात कसब आहे, एवढे इथेही पुरत नाही. मशे यांना भारतात २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हेही विसरता कामा नये.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहेच, परंतु त्याने जपले जाते ते समाजाचे आणि प्रदेशाचे नाव. भिंत रंगवणाऱ्या माणसाचे नाव लिहिण्याचे काम ती रंगवून घेणाऱ्यांनाच करावे लागते. म्हणून सभेपुढे माझा आग्रह आहे की चित्रकाराशी लेखी करार व्हावा, रंगाच्या खर्चाहून वेगळे मानधन ठरावे, भिंतीच्या कोपऱ्यात त्याचे किंवा तिचे नाव आणि पाडा लिहिला जावा, आणि पावसाने चित्र खराब झाल्यास दुरुस्तीलाही त्यांनाच बोलवावे. यामुळे खर्च वाढणार असेल, तर माझ्या घराच्या वाट्याची वाढीव वर्गणी मी आनंदाने भरीन.