तंबूला आतून कुलूप? ‘शंभर टक्के चोरीमुक्त कॅम्पिंग’चा समाचार

‘कॅम्पिंगच्या सामानाची चोरी थांबवणाऱ्या पाच युक्त्या’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि खाली लगेच पाच-सहा अंगठे उमटले. त्यातल्या एका युक्तीने जीव जाऊ शकतो, म्हणून हा खटाटोप.

ती युक्ती अशी: ‘रात्री स्टोव्ह, शेगडी, जनरेटर तंबूत घ्या आणि चेनीला आतून कुलूप लावा.’ कोळशाची शेगडी विझलेली दिसते, पण राखेखालचे निखारे कितीतरी वेळ कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही, तो तसाच बेशुद्ध होतो. ‘वरची जाळी उघडी ठेवा’ हा मेसेजमधला उपायही फसवा आहे, तेवढ्या हवेवर भरवसा ठेवता येत नाही. चालू जनरेटर तर दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर हवा. गॅसचं म्हणाल तर प्रोपेन आणि ब्यूटेन दोन्ही हवेपेक्षा जड. गळती झाली की गॅस जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका तुमच्या उशाशी. आणि तंबूने पेट घेतला तर बाहेर पडायला फार थोडे क्षण मिळतात. ते अंधारात किल्ली चाचपण्यात घालवायचे?

मग जनरेटरचं काय करायचं? पूर्ण थंड झाला की कडक पोलादाची साखळी त्याच्या पाइपच्या फ्रेममधून (हँडलमधून नव्हे, ते स्क्रूवर असतं) घेऊन गाडीच्या टो-हुकला (गाडी ओढायच्या कडीला) बांधा. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. बोल्ट कटरची एक दांडी जमिनीवर टेकवून दुसरीवर अंगाचा भार टाकला की तोडणं सोपं जातं. गार स्टोव्ह गाडीच्या डिकीत. सिलिंडर बाहेर, सावलीत, उभा.

तंबूच्या त्या कुलपाने चोर तरी अडतो का? तंबूचं कापड ब्लेडने क्षणात फाटतं. बॅगेची नायलॉनची चेन तर बॉलपेनच्या टोकाने दातांमधून उकलते. मग कुलूपबंद रनर (चेन ओढायच्या सरकपट्ट्या) तसेच पुढेमागे सरकवले की चेन पुन्हा मिटते. काही गेलंय हे तुम्हाला घरी पोचल्यावर कळतं. बाहेर जाताना लावलेलं कुलूप सहज हात मारणाऱ्याला थोडं थोपवतं, एवढं मान्य करू. पण आत काहीतरी मोलाचं आहे, हेही तेच ओरडून सांगतं.

मेसेजमधला पुढचा दावा: ‘टीएसए कुलूप फोडता येत नाही.’ फोडायची गरजच काय! अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेला उघडता यावं म्हणूनच ते बनवलेलं असतं. २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये त्याच्या मास्टर किल्ल्यांचा (अशी सगळी कुलपं उघडणाऱ्या किल्ल्यांचा) फोटो छापून आला आणि २०१५ मध्ये त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या काढायच्या फाइल्स इंटरनेटवर आल्या.

‘वायरचं जाडजूड कुलूप पुरे.’ वरची जाडी बहुतेक प्लास्टिकची. आतली ४-५ मिलिमीटरची तार हातातल्या केबल कटरने तुटते. आणि कुलूप कशातून ओवलंय ते बघा: कूलरबॉक्स आणि कयाकची (छोट्या होडीची) हँडलं बऱ्याचदा दोन-दोन स्क्रूवर असतात. तिथे चोराला फक्त स्क्रूड्रायव्हर लागतो.

‘गाडीत चादरीखाली झाका.’ अर्धं बरोबर. सामान डिकीतच हवं, पण मुक्कामी पोचण्याआधी भरलेलं. पार्किंगमध्ये उभं राहून, सगळ्यांदेखत झाकाझाकी केली की काय उपयोग?

राहिला मेसेजमधला ट्रॅकर, म्हणजे सामानात टाकून त्याची जागा कळवणारं छोटं यंत्र. गावात, विमानतळावर तो खरंच कामाचा आहे, नाइलाजाने कबूल. पण एअरटॅगला (ॲपलच्या ट्रॅकरला) स्वतःचं जीपीएस नाही. आसपासच्या ॲपलच्या फोनवरून तो जागा कळवतो. ओसाड रानात फोनच नसतील तर नकाशावर शेवटची जुनी जागा दिसत राहते. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरतोय, अशी सूचना चोराच्याच फोनवर येऊ शकते. त्यापेक्षा निघण्याआधी प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक आणि फोटो स्वतःलाच मेल करून ठेवा, कारण चोरीच्या बॅगेत तुमचा फोनही असू शकतो.