पाकळीचा ल

ज्यांच्याविषयी लिहिते आहे, त्यांच्या मसाल्याचं नाव सांगणार नाही. बदनामीची भीती वगैरे काही नाही. बिल बाकी आहे.

सांगलीत फेब्रुवारी संपत आला की हवाच तिखट होते. गल्लोगल्ली मिरची कुटायचे डंक धडधडायला लागतात, वर्षाची चटणी कुटून न्यायला बायका डबे घेऊन रांगेत बसतात, आणि त्या रांगेकडे बघून दरवर्षी एखाद्या डंकवाल्याला वाटतं, आपणच पाऊच भरून का विकू नये? यंदा ते दादांना वाटलं. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात एक रबरी शिक्का होता. तो टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, आजवर आमचं सगळं ऑफिस एवढंच. आता लोगो पायजे, कार्ड, लेटरहेड, पाऊच, वेबसाइट. सगळं पायजे. पण साधं."

'साधं' हा शब्द ऐकला की मी हल्ली दर वाढवून सांगते. दादांच्या साध्या लोगोत वर जोतिबा, मध्ये आईंचा फोटो, खाली उखळ-मुसळ, एक मिरची, एक कांदा, लसणाचा गड्डा आणि जागा उरलीच तर सांगलीचा गणपती होता. व्हिजिटिंग कार्ड असतं साडेतीन इंच बाय दोन इंच. एवढ्या तुकड्यावर इतके हिस्सेदार सातबाऱ्यावरसुद्धा नसतात. गणपती, जोतिबा आणि आई यांच्यापैकी कोणाला 'काढा' म्हणायची माझी हिंमत नव्हती, म्हणून कांद्यापासून सुरुवात केली. दोन आठवड्यांनी लोगोत फक्त मिरची उरली. जोतिबा 'प्रसन्न' होऊन कार्डाच्या माथ्यावर गेले आणि आई पाऊचच्या मागच्या बाजूला.

मग रंग. मी लाल रंगाच्या पाच छटा पाठवल्या. दुसऱ्या दिवशी दादा कागदाची पुडी घेऊन हजर. पुडीत तीन प्रकारच्या मिरच्या. त्यातली एक उचलून त्यांनी लॅपटॉपच्या स्क्रीनला लावली. "ही संकेश्वरी. तुमचा रंग असा दिसतोय. आपल्याला ब्याडगी पायजे. आणि ही लवंगी बघा, असा तर अजिबात नको, गिऱ्हाईक घाबरंल." इतकी नेमकी सूचना मला मोठ्या जाहिरात कंपनीतही कधी मिळाली नव्हती. फक्त ती समजून घेताना मी अकरा वेळा शिंकले, आणि कीबोर्डच्या फटीत गेलेलं ब्याडगीचं बी अजून तिथंच आहे. मोबाइलवर झणझणीत दिसणारी ती मिरची छापल्यावर थोडी मवाळ होणार, कारण स्क्रीनचा लाल उजेडाचा असतो आणि कागदावरचा शाईचा, हे मी समजावून सांगितलं. दादा म्हणाले, "मग शाई जरा जास्त घाला की."

इथवर आम्ही दोघंच होतो. नंतर त्यांनी मिरची घरच्या ग्रुपवर टाकली. सोलापूरच्या आत्यांचं म्हणणं पडलं की मिरचीचं टोक खाली आहे, धंदा खाली जाईल. टोक वर केलं. पुण्यात आयटीत असलेल्या मेहुण्यांना ते शिंग वाटलं. शिंग एकटं बरं दिसत नाही म्हणून जोडीला दुसरी मिरची आली, तर वहिनी म्हणाल्या, "ह्यास्नी मिशा फुटल्यात." एक अख्खा रविवार मी मिरची अंशाअंशाने फिरवत होते आणि दर दहा अंशांना पलीकडून कोणीतरी अंगठा दाखवत होतं. शेवटी ती आडवी झाली. आडव्या मिरचीला कोणाचा विरोध नव्हता, कोणाचं कौतुकही नव्हतं.

दराची बोलणी पुतण्याने केली. त्याला कुठून तरी कळलं होतं की बुटांच्या नायके कंपनीची ती जगप्रसिद्ध खूण एका विद्यार्थिनीने १९७१ साली काढली आणि तिला मिळाले फक्त ३५ डॉलर. तेव्हाच्या भावाने अडीचशे रुपयांच्या वर थोडे, हा हिशेबही त्याने तयार ठेवला होता. मी म्हणाले, खरं आहे, पण त्याच कंपनीने १९८३ मध्ये त्या विद्यार्थिनीला, कॅरोलिन डेव्हिडसनला, बोलावून हिऱ्याची अंगठी आणि शेअर दिले, तेही सांग. दादा विचारात पडले. मग म्हणाले, "शेअर नको. चटणी देतो. दोन किलो आत्ताच घेऊन जावा."

ती मी घेतली, हे कबूल करते. चटणी उत्तम आहे.

या सगळ्या काळात आई एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पाऊचचा नमुना हातात दिला तेव्हा चष्मा पुसून त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. परवान्याचा चौदा अंकी नंबर, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, वजन, किंमत, मुदत यातलं काहीच त्यांनी बघितलं नाही. 'मसाले'वर बोट ठेवून म्हणाल्या, "पोरी, ह्यो ल कुठला?"

बघितलं तर खरंच. उभ्या दांड्याला चिकटलेला हिंदी ल. मराठी ल पाकळीचा आणि श देठाचा असावा, असा शासन निर्णय २००९ सालीच निघालेला आहे. तो मला पाठ, कलाशाळेत दोन वर्षं मी अक्षरंच गिरवलेली, आणि चूक धरली चौथी शिकलेल्या बाईंनी. "असा ल काढला असता तर आमच्या मास्तरांनी हात सुजवला असता." मी फाँट बदलला. वेबसाइटवर भाषा मराठी अशी नोंद केली, म्हणजे चांगला फाँट आपणहून पाकळीचा ल दाखवतो. नोंद नसली तर तो बिचारा हिंदीच समजून चालतो.

पण छापखान्यात फाइल उघडेपर्यंत कशाचाच भरवसा नसतो. तिथला ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, मॅटर कर्व्ह करून द्या आणि व्हर्जन उतरवून आणा, आपल्याकडं जुनं कोरल आहे." कोरल म्हणजे छपाईची फाइल उघडायचं सॉफ्टवेअर, आणि कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकणं, म्हणजे तिथं फाँट नसला तरी बिघडत नाही. कर्व्ह केलं नव्हतं त्या पहिल्या फाइलमध्ये पत्त्याच्या जागी चौकोन, टक्के आणि उद्गारचिन्हं उमटली होती. दादांनी ते बघून विचारलं, "हे इंग्लिशमधलं काय?"

वेबसाइटचं थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगितलं तर रडू येईल. नाव पुतण्याने आधीच विकत घेऊन ठेवलं होतं, ओटीपी त्याच्या बंद झालेल्या सिमवर जात होता. फोटो आले ते व्हॉट्सअॅपवरून चेपून, त्यातल्या एकात बरणी मोटारसायकलच्या सीटवर. 'आमच्याविषयी'चा मजकूर दादा 'उद्या देतो' म्हणत राहिले. शेवटी साइट 'येथे मजकूर येईल' या ओळीसकट सुरू झाली. महिनाभराने मिरजेच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "मजकूर काय किलो आहे?"

परवा बिलाची आठवण द्यायला डंकावर गेले. आजही बिलं जुन्याच पुस्तकात, कार्बन घालून, वर तोच रबरी शिक्का. चांगल्या जाड बाँड पेपरवर छापलेल्या हजार लेटरहेडचा गठ्ठा वजनकाट्याशेजारी होता. पाठकोऱ्या बाजूला कुणाचे किती किलो धणे याचा हिशेब चालला होता.

दादा म्हणाले, "तुमचं लिहूनच देतो, म्हणजे तुमच्या मनाला शंका नको." गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला, पहिल्यांदाच सुलट धरला, तारीख घातली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: माननीय मॅडम, आपली बाकी दिवाळीनंतर नक्की देतो. खाली सही.

तो कागद माझ्यासमोर आहे. छपाई सुरेख आलीय. रंग अगदी ब्याडगी.