'ऑगस्ट १९१४' संपलं एकदाचं!

अडीच महिने लागले. रशियन लेखक सोल्झेनित्सिनची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी, इंग्रजी अनुवाद, तोही नंतर वाढवलेल्या आवृत्तीचा, म्हणजे उशाशी ठेवला तर उशीच वाटावी असा ठोकळा. रशियन नावं लक्षात राहत नाहीत म्हणून सगळे घाबरवतात, पण अलेक्झांडर वासिल्येविच सॅम्सोनोव्ह म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपल्या शाळेच्या दाखल्यावर असतं तसंच की!

तर हा सॅम्सोनोव्ह जनरल. दम्याचा पेशंट, माणूस भला. रशियाची दुसरी आर्मी घेऊन पूर्व प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीत, शिरतो. दोस्त फ्रान्सला शब्द दिलाय म्हणून वरून रोज रेटा, चला चला पुढे चला, आणि इकडे पोरं वाळूच्या रस्त्यांनी पाय ओढतायत, पाव पोचत नाही, घोड्यांना ओट नाही, रशियन रेल्वेचा उपयोग नाही कारण जर्मन रूळ अरुंद. त्यात कहर म्हणजे कोण कुठे निघालंय ते वायरलेसवर चक्क साध्या भाषेत, कोड नाही काही नाही, जर्मन निवांत ऐकतायत! काय होणार ते ठाऊक असूनही मी रात्री एक वाजता 'अरे बंद करा रे ते' असं मोठ्याने म्हणाले, घरातले उठले. टॅनेनबर्गच्या लढाईत नव्वद हजारांच्या वर रशियन कैदी झाले आणि सॅम्सोनोव्हने जंगलात स्वतःला गोळी घातली.

पवनचक्की जळतेय आणि आगीच्या झोताने तिचं चाक आपोआप फिरतंय, असा एक प्रसंग आहे, सिनेमाच्या स्क्रिप्टसारखा लिहिलेला. तो मी तीनदा वाचला.

मात्र स्टोलिपिनची पानं, माफ करा, अक्षरशः ढकलली. १९०६ ते १९११ रशियाचा पंतप्रधान, शेतकऱ्याच्या नावावर जमीन करू पाहणारा, कीवच्या थिएटरात गोळी लागून गेला, सगळं मान्य. पण त्याच्याच राजवटीत झटपट खटले चालवून इतके फासावर गेले की फासाच्या दोराला 'स्टोलिपिनचा टाय' म्हणायचे. इथे लेखक त्याचा भक्तच होतो. स्टोलिपिन जगला असता तर १९१७ची रशियन क्रांती टळली असती असं त्याला वाटत असावं, मला नाही पटलं. त्याने स्वतःच रंगवलेल्या त्या उपाशी फौजेकडे बघून तर मुळीच नाही.

आणि योगायोग बघा, कॉलेजच्या वयात मनात घेतलेली ही कादंबरी, पुढे दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात अधिकारी म्हणून सोल्झेनित्सिन त्याच पूर्व प्रशियात पोचला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये तिथेच अटक झाली, एका मित्राला लिहिलेल्या पत्रांमुळे.

पुढचा भाग 'नोव्हेंबर १९१६', हजारेक पानं. दिवाळी होऊ दे, मग बघते.