काल तर चालू होती

बिघडलेली गाडी दुरुस्तीनंतरही सुरू झाली नाही, तर त्यात निदान न्याय तरी आहे. पण ठणठणीत गाडी केवळ हौसेपोटी उघडावी, प्लग बदलावेत, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलावं, आणि रविवारी सकाळी घरची मंडळी मिसळीला जायला मागच्या सीटवर बसल्यावर तिने नुसतंच घर्रर्र घर्रर्र करावं, हा छळ आहे. त्यातून डिसेंबर. नाशिकचा पारा दहाच्या खाली, हाताला पाना बर्फासारखा लागतो, आणि गंगापूर रोडवरची तर्री आपल्यावाचून उकळत असते.

घरच्या घरी गाडी उघडणाऱ्यांचा एक वर्ग असतो. मी त्यातला. गाडी सुरू झाली नाही की या वर्गाच्या तोंडून पहिलं वाक्य एकच निघतं, "काल तर चालू होती!" वाक्य खरं असतं. फक्त काल आणि आज यांच्यामध्ये आपण होतो, हे त्यात सांगितलेलं नसतं.

पार्किंगमध्ये बॉनेट उघडं दिसलं की इमारत खाली उतरते. "पेट्रोल आहे ना?" हे वॉचमनचं. "बॅटरी उतरली असणार, थंडी किती आहे," हे तिसऱ्या मजल्यावरचं. नोझल बनवणाऱ्या मायको कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका प्रत्येक इमारतीत असतातच, हे नाशिक आहे. ते चहाचा कप घेऊन येतात आणि आत न डोकावताच निदान करतात.

"नोझल."

"काका, काल नोझलला हातच लावला नाही."

"म्हणूनच."

यावर वाद घालू नये. काल जिथे हात लागला तिथे आज दोष सापडतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण स्वतःचा हात सोडून बाकी सगळ्या विश्वावर संशय घेणं जास्त सोपं जातं.

पाना उचलण्याआधी कान द्यावा. किल्ली फिरवल्यावर एकच 'टक्', किंवा टकटकटकटक असा टायपिंगच्या क्लाससारखा आवाज आला, तर इंजिन निर्दोष आहे, करंट पोहोचत नाही. बॅटरीवर मल्टिमीटर लावा. निवांत असताना 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीने मान टाकली. आकडे चांगले असूनही टकटक होत असेल तर टर्मिनल हलवून बघा. दहाच्या पान्याने आवळलेलं टर्मिनल हाताने फिरत असेल, तर ते आवळलेलं नाही, नुसतं ठेवलेलं आहे.

याच खात्यातला माझा लाडका गुन्हेगार म्हणजे अर्थिंगची पट्टी. बॅटरीच्या निगेटिव्हकडून एक वायर बॉडीला जाते आणि एक इंजिनला किंवा गिअरबॉक्सला. काम करताना आड येते म्हणून ही दुसरी सोडतात आणि तिचा बोल्ट खिशात जातो. मग हॉर्न वाजतो, दिवे लखलखतात, सेल्फ मात्र ढिम्म. कारण दिवे बॉडीतून परततात, सेल्फला इंजिनातून परतायचं असतं. बिचारा करंट वाट शोधत अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून निघतो. दोन-तीनदा सेल्फ मारून त्या केबलला बोट लावा. कोमट लागली तर खिसे तपासा. जास्त वेळ मारत राहिलात तर केबलचं प्लास्टिक वितळतं, आणि मग अर्थिंगच्या एका बोल्टपायी नवी केबल.

दुसरा आवाज घर्रर्रचा. इंजिन जोमात फिरतं, पेट घेत नाही. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे एकाच डबीतून सगळ्या प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारी जुनी गाडी असेल तर प्लगच्या वायरींकडे बघा. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत ठिणगीचा क्रम 1-3-4-2, एक नंबरचा सिलिंडर सहसा बेल्टच्या बाजूला. मारुती 800 च्या तीन सिलिंडरला 1-3-2. वायरी एकेक करून बदलाव्यात, हे आपल्याला माहीत असतं. तरीही पुसायला सोपं म्हणून चारही एकदम काढतो आणि मग सारख्या दिसणाऱ्या चार काळ्या वायरी हातात घेऊन तांदूळ निवडल्यासारखे बसतो. दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी एअर फिल्टरमधून फटाक करून खोकते. हे खोकणं शुभ समजावं. म्हणजे पेट्रोल आहे, ठिणगी आहे, फक्त मुहूर्त चुकलाय.

तेल गळतं म्हणून डिस्ट्रिब्युटरच काढला असेल तर मुहूर्त पार उलटा चुकू शकतो. पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा दाबायला आणि एकदा धूर हाकलायला. पुलीवरची खूण दोन्ही वेळेला तितकीच तंतोतंत जुळते. म्हणून खुणेवर भाळू नये. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि कुणाला तरी इंजिन पान्याने हळूहळू फिरवायला सांगा. हवा अंगठ्याला ढकलू लागली की तो दाबायचा फेरा. आता खूण जुळवा. रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा काटा, एक नंबरच्या वायरीकडेच बघत असला पाहिजे. विरुद्ध दिशेला बघत असेल, तर डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसलाय.

घर्रर्र नेहमीपेक्षा हलका आणि भिरभिरता वाटला, आणि काल टायमिंग बेल्टला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणाऱ्या पट्ट्याला हात लागला होता, तर तिथेच थांबा. बेल्ट दोन-तीन दात सरकलेला असला की काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन भिडतो. नवा बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का बघायचं असतं, ते यासाठीच.

नव्या गाड्यांत वायरी कमी, सॉकेट जास्त. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या क्रँक सेन्सरचा सॉकेट बघा. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद 'ऊंऽऽ' आलं नाही तर पंपाचा फ्यूज किंवा रिले. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत असेल तर गाडी तुम्हाला चोर समजतेय. दुसरी किल्ली आणा. आणि कॉइलच्या गाडीत वायर बॉडीजवळ धरून ठिणगी बघायचा जुना प्रयोग करू नका. त्यात हजारो व्होल्ट असतात, तुम्हालाही बसतील आणि कॉम्प्युटरलाही.

एवढं करेपर्यंत उत्साही मंडळींनी दहा-बारा वेळा सेल्फ मारलेला असतो. प्लग ओले, पेट्रोलचा वास पार जिन्यापर्यंत. अशा वेळी पेडल तळापर्यंत दाबून ठेवायचं, पंप करायचं नाही आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारायचा. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत तेवढ्यापुरतं पेट्रोल बंद होतं आणि आतलं ओलं सुकतं. मग सेल्फला अर्धा मिनिट विश्रांती.

"धक्का मारू या का?" हा प्रश्न आता येतोच. नाशिक नऊ टेकड्यांवर वसलं म्हणतात. धक्का मारायच्या दिवशी त्यातली एकही आपल्या गल्लीत नसते. शिवाय धक्का सेल्फचं काम करतो, ठिणगीचं नाही. इंजिन फिरतच असेल तर ढकलून फक्त शेजारी दमतात, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग तापवतं.

सगळं बघून झालं, ठिणगी आहे, पेट्रोल आहे, क्रम बरोबर आहे, तरी गाडी गप्प, अशा वेळी मी एअर फिल्टरची नळी काढून आत हात घालतो. काल थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ करताना एखादा नट आत पडू नये म्हणून कोंबलेला जुन्या बनियनचा बोळा तिथे असतो. हवाच नाही, तर गाडी पेटणार कशाने?

बोळा खिशात सरकवायचा, कुणाला दिसायच्या आत. एक सेल्फ, आणि गाडी सुरू. मागच्या सीटवरून विचारणा होते, "आता मिसळ मिळेल का रे?" काका कप रिकामा करून म्हणतात,

"सांगितलं होतं. नोझल."